सोनोग्राफीत थायरॉइडची गाठ निघाली, वजनामुळे कॅन्सरचा धोका खरंच वाढतो का?

मोगरा_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ७९ किलो. ऑफिसच्या वार्षिक चेकअपच्या पॅकेजमध्ये यंदा गळ्याची सोनोग्राफी पण होती, मला काही त्रास नव्हता पण पॅकेजमध्ये आहे म्हणून केली, आणि रिपोर्टमध्ये आलं की थायरॉइडच्या उजव्या भागात ११ मिमीची गाठ आहे, टीआय-रॅड्स ३. टीएसएच (थायरॉइडचं काम बघायची रक्ततपासणी) ५.९ आलाय. आईला थायरॉइडची गोळी चालू आहे गेली कित्येक वर्षं, पण गाठ वगैरे काही नाही तिला.

घरी सांगितल्यावर जाऊबाई म्हणाल्या की वजन वेळेत आटोक्यात ठेवलं असतंस तर हे झालं नसतं. त्यांचं बोलणं मनाला लागलं म्हणून रात्री नेटवर शोधत बसले तर खरंच बऱ्याच ठिकाणी लिहिलंय की लठ्ठपणामुळे १३ प्रकारचे कॅन्सर होतात आणि त्यात थायरॉइड पण आहे. तेव्हापासून झोप नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात मिळालीये, तोवर डोक्यात नुसतं चक्र चालू आहे.

विचारायचं हे की वजन आणि थायरॉइडचा कॅन्सर यांचा संबंध नेमका किती आहे? वजन कमी केलं तर गाठ जाईल का? सुईची तपासणी आत्ताच करून घ्यावी का? आणि माझी मुलगी १४ वर्षांची आहे, ती पण अंगाने भरलेली आहे, तिची पण सोनोग्राफी करून घेऊ का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, घाबरवू नका पण खरं सांगा.

सोनोवाली

मोगराताई, मी नाशिकला रेडिओलॉजी करते, रोज अशा गाठी बघते म्हणून आधी तुमच्या रिपोर्टबद्दल बोलते, वजनाबद्दल मागून कोणीतरी सांगेलच.

पहिलं म्हणजे थायरॉइडमध्ये गाठ असणं ही फार म्हणजे फारच कॉमन गोष्ट आहे. वय वाढत जातं तसं सोनोग्राफीत बायकांमध्ये तर निम्म्या जणींना काही ना काही गाठ सापडते, आणि त्यातल्या ९० ते ९५ टक्के गाठी साध्या असतात. दुसरं, टीआय-रॅड्स हा आकडा कसा येतो ते समजून घ्या म्हणजे भीती बरीच कमी होईल. आम्ही पाच गोष्टींना मार्क देतो. गाठ भरीव आहे की आत पाणी आहे, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा किती काळी दिसते, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा गुळगुळीत आहे की वेडीवाकडी, आणि आत कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके आहेत का. या मार्कांची बेरीज करून १ ते ५ गट पडतात. ३ म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांच्या आत.

आणि हे नीट वाचा, अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या ज्या पद्धतीने आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रिपोर्ट लिहितात त्यात गट ३ च्या गाठीला सुई लावायची ती २५ मिमीच्या पुढे, आणि पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं ते १५ मिमीच्या पुढे. तुमची ११ आहे. म्हणजे या हिशोबाने सुईची गरज नाहीच, तुमचे डॉक्टर एक वर्षाने परत बघू म्हणाले तर तेही ठीक आहे पण घाईने एफएनएसी म्हणजे सुईची तपासणी करून घ्यायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

आणखी एक. या पाच मार्कांमध्ये पेशंटचं वजन कुठेच येत नाही. ५० किलोची बाई असो की ९० किलोची, गाठ कशी दिसते यावरच ठरतं. रिपोर्टमध्ये मानेतल्या लिम्फ नोडबद्दल एक ओळ असते ती बघा, तिथे नॉर्मल लिहिलं असेल तर अजून चांगलं.

लवकर दाखवायचं कधी, तर आवाज बसला आणि आठवड्यांनी पण सुटत नाही, गिळताना अडकतंय, गाठ बघता बघता वाढतीये, हाताला दगडासारखी कडक लागतीये, लहानपणी गळ्याला किंवा डोक्याला रेडिएशन दिलेलं आहे, किंवा जवळच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला आहे. यातलं काही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आठवडाभर थांबू नका.

आकडेमोड

वजनाचं मी सांगतो. मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करतो, डॉक्टर नाही, पण हे पेपर मी स्वतः वाचलेत कारण आमच्या घरात पण हाच विषय निघाला होता.

ते १३ कॅन्सरचं जे सगळीकडे फिरतं ते खरं आहे. फ्रान्समध्ये लियाँला जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी म्हणतात, त्यांच्या तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये सगळा पुरावा तपासून ही यादी काढली आणि त्यात थायरॉइड आहे. पण यादीत नाव असणं आणि धोका किती हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि बातम्यांमध्ये फक्त पहिला छापतात. त्याच अहवालात प्रत्येक कॅन्सरपुढे आकडा आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरला सगळ्यात लठ्ठ गटात धोका सुमारे सात पट आहे. थायरॉइडला १.१ पट. सात आणि १.१, एकाच यादीत!

दुसरा मोठा पुरावा पण २०१६ चाच आहे. २२ वेगवेगळ्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांचा डेटा एकत्र केला, २० लाखांपेक्षा जास्त माणसं, त्यात सुमारे ३ हजार जणांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ५ ने वाढला की धोका ६ टक्के वाढतो असं निघालं. कमरेचा घेर ५ सेंमीने वाढला की ३ टक्के. तरुणपणीच बीएमआय जास्त असेल तर थोडा जास्त, दर ५ ला १३ टक्के.

आता तुमचा हिशोब करू. तुमचा बीएमआय साडेएकतीसच्या थोडा वर येतो. आपल्या भारतीयांसाठी नॉर्मलची वरची हद्द २३ धरतात, म्हणजे तुम्ही साडेआठने पुढे आहात, म्हणजे धोका साधारण १० ते ११ टक्के जास्त. आता समजा (हा आकडा मी फक्त समजावण्यासाठी घेतोय) तुमच्या वयाच्या एक लाख सडपातळ बायकांमध्ये वर्षाला १० जणींना हा कॅन्सर होतो, तर तुमच्याएवढं वजन असलेल्या एक लाख बायकांमध्ये ११ जणींना होईल. लाखात एक जास्त. जाऊबाईंना हे सांगा. तुमची गाठ तुमच्या वजनामुळे आली असं कोणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आणि गंमत वाटेल पण त्याच अभ्यासात उंचीचा संबंध वजनापेक्षा जास्त ठळक आहे, दर ५ सेंमी उंचीला ७ टक्के. उंच माणसांत कॅन्सर थोडे जास्त होतात हे बऱ्याच कॅन्सरमध्ये दिसतं, शरीरात पेशीच जास्त असतात आणि वाढीच्या वयातले हार्मोन्स वगैरे कारणं देतात. तुमची उंची १५८ आहे. उंच बाईला कोणी म्हणतं का की तू एवढी वाढलीस म्हणून गाठ आली? वजनाचा दोष मात्र लगेच माणसावर जातो, आणि बाई असेल तर जास्तच, याचा मला मनापासून राग येतो.

सुवॉनकर

मी कोरियात सुवॉनला राहतो, इथे कंपनीचं वार्षिक चेकअप म्हणजे सणासारखं असतं, सगळे जातात. त्यामुळे थायरॉइडच्या कॅन्सरबद्दल इथे जे झालं ते सांगतो, मोगराताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे कारण त्यांची गाठ पण चेकअपमध्येच सापडलीये.

इथे १९९९ पासून सरकारने राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू केली. थायरॉइड त्यात नव्हतं, पण हॉस्पिटलं थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी पण करून द्यायला लागली, मशीन आहेच, दोन मिनिटांचं काम. परिणाम काय झाला, तर २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. १५ पट! एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना निदान. आणि त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचा आकडा? जवळजवळ तिथल्या तिथे. म्हणजे इतकी वर्षं इतक्या गाठी शोधून काढल्या, लोकांचे गळे कापले, जन्मभर गोळ्या लावल्या, आणि वाचलं कोणी असं आकड्यांत दिसतच नाही. २०१४ मध्ये इथल्या काही डॉक्टरांनीच एकत्र येऊन उघडपणे सांगितलं की हे थांबवा, पेपरात टीव्हीवर चर्चा झाली, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात ऑपरेशनं धाडकन खाली आली.

माझ्या टीममधल्या एका सीनियर बाईंचं असंच ऑपरेशन झालेलं आहे, ५ मिमीची गाठ होती, त्या आजही म्हणतात मला कोणी तेव्हा सांगितलं असतं की थांबता येतं तर मी थांबले असते. जपानमध्ये कोबेला कुमा हॉस्पिटल आहे, तिथे १९९३ पासून १० मिमीपर्यंतच्या कमी धोक्याच्या कॅन्सरच्या गाठीला पण लगेच न कापता फक्त लक्ष ठेवायचा पर्याय देतात, आणि बहुतेकांच्या गाठी वाढतच नाहीत असं दिसलंय. कॅन्सर सिद्ध झालेल्या गाठीचं हे, तुमचं तर अजून काहीच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हा वजनाचा संबंध पण मला तपासण्यांचाच खेळ वाटतो. वजन जास्त असलेली माणसं शुगर, बीपी, गुडघे म्हणून डॉक्टरांकडे जास्त जातात, तपासण्या जास्त होतात, गाठी जास्त सापडतात. १० टक्के फरक एवढ्यानेच पडू शकतो.

आकडेमोड

सुवॉनकर, कोरियाचं शंभर टक्के मान्य, अमेरिकेत पण २०१७ मध्ये त्यांच्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉइड कॅन्सरसाठी तपासणी करूच नका, फायद्यापेक्षा तोटा जास्त. पण वजनाचा सगळा संबंध तपासण्यांमुळेच दिसतो हे मात्र पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

जर फक्त जास्त तपासण्यांमुळे हे होत असतं तर वजनदार लोकांमध्ये बारीक बारीक गाठी जास्त सापडायला हव्या होत्या, कारण योगायोगाने सापडतात त्या लहानच. पण अमेरिकेत उलट दिसलं. तिथे एका मोठ्या अभ्यासातली माणसं बघितली तर पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइडमधला सगळ्यात कॉमन प्रकार, दहातले आठ तरी हेच) लठ्ठ लोकांत १.३ पट होता, पण ४ सेंमीपेक्षा मोठ्या गाठींचा पॅपिलरी कॅन्सर पाच पटींच्या पुढे. चार सेंमीची गाठ काही चेकअपमुळे तयार होत नाही. जाड मानेत गाठ हाताला लवकर लागत नाही म्हणून उशिरा सापडते हे थोडंफार असेल, पण एवढा मोठा फरक नुसत्या त्याने भरून निघेल असं वाटत नाही. आणि त्या २२ अभ्यासांच्या डेटात थायरॉइड कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका पण बीएमआय दर ५ ला २९ टक्के वाढलेला दिसला, मृत्यू शंभरच्या आसपासच होते म्हणून तो आकडा जरा हलक्या हातानेच धरायचा, पण दिशा तीच आहे.

शरीरात काय होतं याबद्दल तीन-चार धागे सांगतात. इन्सुलिन वाढलेलं राहतं आणि ते पेशींना वाढा वाढा सांगत राहतं, चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन जास्त येतं, बारीक सूज सतत चालू असते, आणि टीएसएच थोडा वर राहतो. कुठला धागा किती जबाबदार हे अजून सुटलेलं नाही. मोगराताई, तुमचा ५.९ टीएसएच बघून एक सांगतो, वजनामुळे टीएसएच थोडा वर जाऊ शकतो आणि वजन उतरल्यावर खाली येऊ शकतो, त्यामुळे लगेच गोळी लावायची की दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं हे डॉक्टरांना विचारा, अँटिबॉडीची टेस्ट पण करतात, आईला थायरॉइड आहे हे नक्की सांगा.

तुळशीकट्टा

मी हे सगळं स्वतः भोगलंय म्हणून लिहिते. मला पॅपिलरी कॅन्सर झाला तेव्हा माझं वजन ५२ किलो होतं. बारीकच होते कायम. नात्यातल्या कोणी कोबी खूप खाल्लास, कोणी टेन्शन घेतलंस म्हणालं. माणसांना कारण लागतं. मोगराताई तुम्हाला वजन सापडलं, मला कोबी. बायकांना हा आजार पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होतो, त्याचं कारण तर अजून कोणाला धड सांगता येत नाही, मग एकेकीच्या ताटात काय होतं ते कोण ठरवणार.

माझी गाठ ३ सेंमीच्या वर होती आणि सुईच्या तपासणीत बेथेस्डा सहा आलं, म्हणजे जवळजवळ खात्रीने कॅन्सर. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका सर्जनने ऐकताक्षणी सांगितलं परवा ये, सगळी ग्रंथी काढू, आणि पुढे काय होईल हे एका शब्दाने सांगितलं नाही. माझ्या मोठ्या दिरांनी हट्ट धरला की आधी मुंबईला दाखवू. त्यांच्यामुळे मी परळला टाटाला गेले. गर्दी आहे, दिवस जातो, पण तिथे माझ्यासमोर कागदावर चित्र काढून समजावलं की अर्धी का पूर्ण, आवाजाची नस कुठे असते, कॅल्शियमच्या बारीक ग्रंथी कुठे असतात. ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात ते कॅल्शियम कमी झाल्याने, हे आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही, लगेच सिस्टरना सांगितलं.

नंतर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा डोस) घेतलं. परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं, थायरॉइडच्या किती पिढ्या तिथून बऱ्या होऊन गेल्या असतील. डोसच्या आधी काही दिवस आयोडीन नसलेलं मीठ, मासे बंद (कोकणातल्या बाईला मासे बंद म्हणजे काय ते कोकणातल्यांनाच कळेल), दूध कमी. डोसनंतर काही दिवस वेगळी खोली, लहान मुलांपासून लांब. नातवंडं दारातून हाका मारायची तेवढं जड गेलं, बाकी निभावलं.

आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा अर्ध्या-एक तासाने. खूप जणी मला विचारतात की ग्रंथी काढल्यावर वजन भरमसाट वाढतं ना. माझं दोन-तीन किलो वाढलं आणि डोस बसल्यावर थांबलं. थायरॉइड कमी असल्याने वजन वाढतं ते पण बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं, वीस किलो त्याने वाढत नाहीत हे मला तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे थायरॉइडमुळे वजन आणि वजनामुळे थायरॉइड, दोन्ही बाजूंनी लोक वाढवून सांगतात.

आणि मोगराताई, कॅन्सर निघालाच असता तरी पॅपिलरी म्हणजे बरा होणारा आजार आहे. जगात २०२२ मध्ये सुमारे ८ लाख २१ हजार जणांना थायरॉइडचा कॅन्सर निघाला आणि त्या वर्षात मृत्यू साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास, हे मी मुद्दाम शोधून लिहून ठेवलंय, माझ्यासारख्या कोणी रडत आली की दाखवते. झोप काढा आज.

वऱ्हाडी_माणूस

धागा चांगला चाललाय, मध्येच एक विचारतो. माझं वजन ११२ आहे, शुगर पण आहे, डॉक्टर म्हणतात वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू करू, ते आठवड्यातून एकदा घ्यायचं. पण त्याच्या माहितीपत्रकात थायरॉइड कॅन्सरचा इशारा आहे म्हणे. वजनाने पण कॅन्सर आणि वजन उतरवायच्या औषधाने पण कॅन्सर, मग माणसानं करायचं काय भाऊ?

गोळीडबा

वऱ्हाडीभाऊ, मी फार्मसिस्ट आहे, रोज हा प्रश्न येतो काउंटरवर, मौंजारो हे असंच इंजेक्शन भारतात मार्च २०२५ ला आलं आणि जूनमध्ये वेगोवी, तेव्हापासून तर फारच.

इशारा खरा आहे पण तो कशाबद्दल आहे ते बघा. उंदरांना ही औषधं दिली तेव्हा थायरॉइडमधल्या सी पेशींच्या गाठी झाल्या. या पेशींपासून जो कॅन्सर होतो त्याला मेड्युलरी म्हणतात, तो वर सगळे बोलतायत त्या पॅपिलरीपेक्षा पूर्ण वेगळा आणि बराच दुर्मिळ. उंदरांच्या सी पेशींवर या औषधाचे रिसेप्टर भरपूर असतात, माणसाच्या पेशींवर फार कमी. माणसांचं बघायला गेलं तर फ्रान्समधल्या एका अभ्यासात धोका वाढलेला दिसला होता, त्यावरून युरोपच्या औषध नियामकाने सगळं परत तपासलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की औषधामुळे थायरॉइड कॅन्सर होतो असं पुराव्यातून दिसत नाही. मग २०२४ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या तीन देशांच्या नोंदींमधून सुमारे १ लाख ४५ हजार वापरणारे बघितले, सरासरी चार वर्षांच्या आसपास, त्यात पण धोका वाढलेला नव्हता. चार वर्षं म्हणजे कॅन्सरच्या हिशोबाने फार मोठा काळ नाही हे मात्र खरं, आणि त्यात बरेच जण याच गटातल्या जुन्या लिराग्लुटाइड औषधावर होते.

पण एक गोष्ट डॉक्टरांना न लपवता सांगा. तुम्हाला किंवा घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, किंवा मेन-टू नावाचा आनुवंशिक आजार असेल, तर ही इंजेक्शनं घ्यायचीच नाहीत, तिथे वादच नाही. "काकांना गळ्याचं काहीतरी झालं होतं" एवढंच माहीत असेल तर काकूंकडून जुने कागद मागवा आणि त्यावर कुठला कॅन्सर लिहिलाय ते वाचून घ्या. शुगर आणि ११२ किलो यांनी हृदयाला, किडनीला जो धोका आहे तो आज आहे, त्यापुढे हा इशारा फार लहान पडतो असं माझं मत, पण ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनी.

मोगरा_कोल्हापूर

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय लिहू कळत नाहीये. लिम्फ नोडची ओळ बघितली, नॉर्मल आहे. तुळशीकट्टा ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आकडेमोड यांचा हिशोब मी जाऊबाईंना वाचून दाखवला, त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या मी पण काळजीनेच बोलले गं. असो.

मुलीचं राहिलं. तिची सोनोग्राफी नको असं मला आता वाटायला लागलंय पण कोणी स्पष्ट सांगेल का? आणि मीठ बदलावं का? आम्ही गेलं वर्षभर सैंधव वापरतोय, ते चांगलं म्हणून.

सोनोवाली

मुलीची सोनोग्राफी करू नका. तिच्या गळ्याला काही दिसत नसेल, हाताला लागत नसेल तर नक्कीच नको. दहावीचा अभ्यास तोंडावर असलेल्या मुलीला "तुझ्या गळ्यात ३ मिमीचं काहीतरी आहे, दर वर्षी बघू" हे सांगून काय मिळणार? तरुणपणीच्या वजनाचा संबंध थोडा जास्त आहे हे वर आलंच आहे, पण त्याचा उपाय सोनोग्राफी नाही. पाळी अनियमित असेल, मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते लागलं तर शुगर आणि टीएसएच बघतील. लहान वयात थायरॉइडला खरा सिद्ध झालेला धोका म्हणजे रेडिएशन, १९८६ ला चेर्नोबिलचा अपघात झाला त्यानंतर तिथल्या मुलांमध्ये जे दिसलं ते त्याचंच. त्यामुळे उगाच सीटी स्कॅन करून घ्यायचा नाही, लागलाच तर मात्र घाबरून टाळायचा पण नाही.

आणि कृपा करून तिच्यासमोर तिच्या वजनाचा आणि तुमच्या गाठीचा संबंध जोडून बोलू नका, घरात दुसऱ्या कोणाला पण बोलू देऊ नका.

मिठाचं म्हणाल तर परत साधं आयोडीनयुक्त मीठ सुरू करा. सैंधवात आयोडीन पुरेसं नसतं. घरात वाढत्या वयाची मुलगी आहे, तिला आयोडीन हवंच. जास्तीचं आयोडीन म्हणून केल्प (समुद्री शेवाळ) वगैरेच्या गोळ्या मात्र नकोत. प्रमाण कमीच ठेवा, बीपीसाठी.

आकडेमोड

यात माझी एक भर. वजन कमी केल्याने तुमची आत्ताची गाठ विरघळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका, नाहीतर वर्षाने गाठ तेवढीच दिसली की वाटेल सगळी मेहनत वाया गेली. वजन उतरवा ते त्या सात पटवाल्या गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी, शुगरसाठी, गुडघ्यांसाठी. कमरेचा घेर मोजा, बायकांसाठी आपल्याकडे ८० सेंमी हद्द धरतात. आणि पाळी गेल्यावर कधीही रक्तस्राव दिसला किंवा आत्ताच पाळीत फार गडबड सुरू झाली तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. तुमच्या वजनाच्या बाईने थायरॉइडपेक्षा त्याकडे लक्ष ठेवलेलं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे, आणि चेकअपच्या पॅकेजमध्ये हे कोणी सांगत नाही.

मोगरा_कोल्हापूर

हे मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांपासून पाळी पंधरा-वीस दिवसांनी येतीये, मी वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. उद्याच फोन करते स्त्रीरोगतज्ज्ञांना, थायरॉइडवाल्यांची अपॉइंटमेंट आहेच पुढच्या आठवड्यात. दोन्हीकडे काय म्हणाले ते इथे लिहीन.